कुठला सिगेबर्ट? पूर्व अँग्लिया आणि एसेक्स यांतला घोळ

सातव्या शतकातल्या इंग्लंडबद्दल वाचताना सिगेबर्ट नावाचा राजा एकदा मारला जातो आणि थोडी पानं उलटली की पुन्हा मारला जातो. पहिल्या वेळी तो हातात नुसती काठी घेऊन रणांगणात उभा असतो. दुसऱ्या वेळी त्याचेच दोघे भाऊबंद त्याचा जीव घेतात, आणि कारण विचारलं तर सांगतात, हा शत्रूंना फार सहज माफ करायचा. छपाईची चूक नाही. काठीवाला सिगेबर्ट पूर्व अँग्लियाचा, माफीवाला एसेक्सचा. तेव्हा इंग्लंडमध्ये केंट, नॉर्थम्ब्रिया, मर्सिया अशी बरीच छोटी राज्यं होती; त्यातली ही दोन्ही शेजारी, दोन्ही राजे ख्रिस्ती झालेले, त्यात दोघंही ‘पूर्वेचे’. घोळ होणारच.

‘पूर्वेचे’ म्हणजे कसे? एसेक्स या नावाचा अर्थच मुळी पूर्वेकडचे सॅक्सन. पूर्व अँग्लियातले पूर्वेकडचे अँगल. सॅक्सन आणि अँगल या बाहेरून येऊन इथे वसलेल्या दोन जमाती. मध्ये स्टाऊर नदी. तिच्या उत्तरेला आजचे सफोक आणि नॉरफोक, म्हणजे ‘दक्षिणेचे लोक’ आणि ‘उत्तरेचे लोक’. नदीच्या दक्षिणेला एसेक्स, आणि लंडनही त्याच राज्यात. एवढं शहर हाती असूनही एसेक्सचे राजे बहुतेक वेळा कुणाच्या ना कुणाच्या अंकित राहिले, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. कदाचित लंडनवर सगळ्यांचाच डोळा होता म्हणूनही असेल.

घराण्यांकडे आलं की फरक पटकन कळतो. पूर्व अँग्लियाचे राजे ते वुफिंग. बीड हा इतिहास लिहिणारा भिक्षू सांगतो की वुफा नावाच्या राजावरून हे नाव पडलं. रघूचे ते राघव, यदूचे ते यादव, तसे वुफाचे ते वुफिंग. वुफा म्हणजे लहानसा लांडगा. त्यांची वंशावळ वर चढत चढत वोडेन या जुन्या धर्मातल्या देवापर्यंत जाते, आणि वाटेत चक्क ‘सीझर’ही पूर्वज म्हणून बसवलेला आहे. बाकीच्या बहुतेक इंग्रज राजघराण्यांनीही वोडेनच गाठला. एसेक्सवाल्यांनी मात्र आपला मूळपुरुष सॅक्सनेट हा सॅक्सन लोकांचा देव मानला. त्यांच्या राजांची नावं जवळजवळ सगळी ‘स’वरून: स्लेड, सेबर्ट, सिगेबर्ट, स्विथहेल्म, सिगहेअर, सेब्बी. पूर्व अँग्लियात ‘स’वरून सुरू होणारा सिगेबर्ट हा त्यामानाने परका वाटतो, आणि नेमका तोच घोळ घालतो.

आता रेडवाल्ड. वुफिंगांमधला सगळ्यात बलाढ्य. ६१६च्या सुमारास त्याने आयडल नदीकाठी नॉर्थम्ब्रियाच्या एथेलफ्रिथला ठार केलं आणि आपल्याकडे आश्रयाला आलेल्या एडविनला तिथल्या गादीवर बसवलं. आधी तो सोन्याच्या लोभाने एडविनला शत्रूच्या हवाली करणार होता. राणीने त्याला शरम दाखवून थांबवलं. याच राणीने, केंटमध्ये बाप्तिस्मा घेऊन परतलेल्या नवऱ्याला जुन्या धर्माकडेही वळवलं. मग रेडवाल्डने एकाच देवळात दोन वेद्या ठेवल्या, एक ख्रिस्तासाठी आणि एक जुन्या देवांसाठी. बीडला हे ढोंग वाटलं. मला तो राजाचा व्यवहार वाटतो. एवढी कर्तबगार बाई, पण बीडने तिचं नाव काही लिहिलेलं नाही.

त्याच काळात एसेक्समध्ये सेबर्ट राज्य करत होता. केंटचा राजा एथेलबर्ट त्याचा मामा, आणि मामाचा शब्द शेवटचा. ६०४ मध्ये मेलिटस बिशप झाला आणि लंडनमध्ये सेंट पॉलचं चर्च उभं राहिलं, तेही मामानेच बांधवलं. सेबर्ट वारल्यावर त्याची तीन मुलं मेलिटसकडे गेली. आमच्या बाबाला, साबाला (म्हणजे सेबर्टला), चर्चमधल्या प्रसादाची जी पांढरी भाकर देत होतास ती आम्हाला का देत नाहीस, असं त्यांनी विचारलं. बाप्तिस्मा घ्यायची मात्र तयारी नव्हती. बिशपने नकार दिला आणि त्याला हाकलून देण्यात आलं.

थडग्यांचाही गोंधळ होतो. १९३९ मध्ये डेबेन नदीकाठी सटन हू इथे सापडलेली, थडगं म्हणून पुरलेली सुमारे २७ मीटर लांबीची नौका पूर्व अँग्लियाची. लाकूड कुजून गेलं होतं, उरले होते लोखंडी खिळे आणि वाळूत उमटलेला आकार. हे थडगं रेडवाल्डचं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. २००३ मध्ये साउथएंडजवळ प्रिटलवेलला सापडलेली थडग्याची लाकडी खोली एसेक्सची. तिथे शवाशी ठेवलेले सोन्याच्या पत्र्याचे दोन छोटे क्रूस होते. सुरुवातीला सगळे म्हणाले, सेबर्टच. पुढे काळ मोजल्यावर थडगं त्याच्या मृत्यूच्या आधीचं निघालं.

आणि ते दोन सिगेबर्ट. काठीवाला गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सकडे) वनवासात असताना ख्रिस्ती झाला, परत येऊन बिशप फेलिक्सच्या मदतीने शाळा काढली, मग राज्य सोडून मठात गेला. मर्सियाचा राजा पेंडा चालून आला तेव्हा सैनिकांना धीर यावा म्हणून लोकांनी त्याला ओढून बाहेर काढलं. त्याने शस्त्र घेतलं नाही. तिथेच मारला गेला. माफीवाला नॉर्थम्ब्रियाचा राजा ओस्वियू याचा मित्र. ज्या लाकडाचा देव करता त्याचंच उरलेलं चुलीत घालता, हा ओस्वियूचा युक्तिवाद त्याला पटला, आणि ६५३च्या सुमारास त्याने बाप्तिस्मा घेतला.

त्याच्यानंतर एसेक्समध्ये स्विथहेल्म आला. त्याचा बाप्तिस्मा झाला तो मात्र शेजारच्या राज्यात, रेंडलशॅमच्या राजवाड्यात. बिशप सेडने तो दिला, आणि पवित्र पाण्यातून बाहेर येताना त्याला हात दिला पूर्व अँग्लियाचा राजा एथेलवाल्डने. धर्मपिता कोण आणि लेक कोण हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. ६६४ मध्ये साथ आली. तेव्हा एसेक्समध्ये एकाच वेळी दोन राजे होते. सिगहेअर आपल्या लोकांसह जुन्या देवळांची डागडुजी करायला लागला, आणि सेब्बी आपल्या लोकांसह चर्चमध्येच राहिला.