पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाची नावं: 'उर्निंग'पासून 'समलिंगी'पर्यंत

'होमोसेक्शुअल' या शब्दातला 'होमो' म्हणजे माणूस नव्हे. शाळेत 'होमो सेपियन्स' पाठ केलेलं असतं, म्हणून तोच अर्थ आधी सुचतो. पण तो लॅटिन 'होमो'. इथला 'होमो' ग्रीक 'होमोस'वरून आलेला आहे आणि त्याचा अर्थ 'सारखा, तोच'. शब्दाचा उरलेला अर्धा भाग मात्र लॅटिन आहे. अशी दोन भाषांची मोट बांधलेली पाहून हॅवलॉक एलिस हा इंग्रज अभ्यासक १८९७ साली वैतागला होता. हा रानटी जोडशब्द आहे आणि त्याची जबाबदारी माझ्यावर नाही, असं त्याने लिहून ठेवलं. ही फोड नीट माहीत असायला हवी. 'होमो' म्हणजे 'पुरुष' असं धरलं की हा शब्द फक्त पुरुषांचा वाटू लागतो आणि स्त्रिया त्यातून गळतात.

हा शब्द येण्यापूर्वी युरोपात जी नावं होती, ती पापाची किंवा गुन्ह्याची होती. बायबलमधल्या सोडोम नगरावरून 'सोडोमी' (पुरुषा-पुरुषांतला संभोग) हे नाम अकराव्या शतकात चर्चच्या लिखाणात रुजलं. इंग्रजी 'बगर'चा मूळ अर्थ 'बल्गेरियन'. तिकडून आलेल्या पाखंडी पंथांवर फ्रान्समध्ये सोडोमीचा आरोप ठेवला जाई, आणि एका देशाच्या नावाची शिवी झाली. १५३३ साली, आठव्या हेन्रीच्या राजवटीत, ती इंग्लंडच्या कायद्यात शिरली. पोर्तुगीज लोक 'पेकादु नेफांदु' म्हणत, म्हणजे तोंडातून काढू नये असं पाप. गोव्यात १५६० साली बसलेल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, अखत्यारीत हे पापही येत असे.

नाव न घेण्याची ही रीत भारतीय दंड संहितेचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेने पुढे चालवली. १८३७च्या मसुद्यात त्याने या विषयाची जाहीर चर्चाच नको म्हणून हात आखडला. १ जानेवारी १८६२ पासून लागू झालेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मध्ये 'सोडोमी' नव्हती, 'बगरी' नव्हती आणि समलिंगी माणूस तर नव्हताच. होती ती 'निसर्गक्रमाविरुद्ध' संभोगाची कृती, मग ती पुरुषाशी असो, स्त्रीशी असो वा जनावराशी. नवरा-बायकोही या भाषेत अडकू शकत होते. 'कलम ३७७ने समलिंगी असणं गुन्हा ठरवलं' असं सर्रास लिहिलं जातं. कलमाची भाषा तशी नव्हती, तरी त्याचा धाक मात्र याच माणसांना दाखवला गेला.

त्याच १८६२ साली जर्मनीत एक माणूस आपल्या नातेवाइकांना पत्रं लिहून स्वतःविषयी सांगत होता. कार्ल हाइनरिष उलरिष्स हे त्याचं नाव. जन्म १८२५, हानोव्हर राज्यातल्या आउरिषजवळ. शिक्षण कायद्याचं. हानोव्हरच्या न्यायखात्यात नोकरी करताना कुजबूज सुरू झाली, तेव्हा चौकशी मागे लागण्यापूर्वीच, १८५४ मध्ये, त्याने राजीनामा दिला होता. आपल्यासारख्यांना एक शब्द हवा आणि तो शिवीतून आलेला नसावा, हे त्याने ठरवलं.

शब्द त्याला प्लेटोच्या 'सिंपोझियम'मध्ये सापडला. तिथे पॉसेनिअस हे पात्र दोन अफ्रोडाइटींविषयी बोलतं. एक युरेनस या आकाशदेवाची, आईविना जन्मलेली. तिच्या प्रभावाखालचं प्रेम पुरुषाकडे वळतं. दुसरी झ्यूस आणि डायोनी यांची मुलगी. उलरिष्सने युरेनसवरून 'उर्निंग' आणि डायोनीवरून 'डायोनिंग' असे जर्मन वळणाचे शब्द पाडले. उर्निंग म्हणजे पुरुषावर प्रेम करणारा पुरुष, डायोनिंग म्हणजे स्त्रीवर प्रेम करणारा. या जोडीतली खुबी अशी की बहुसंख्यांनाही नाव मिळालं. तोवर ते फक्त 'माणसं' होते आणि नावं ठेवायची ती दुसऱ्यांना. १८६४ ते १८७९ या काळात त्याने या विषयावर बारा पुस्तिका काढल्या. सुरुवातीच्या 'नूमा नूमांटिअस' या टोपणनावाने आणि १८६८ पासून स्वतःच्या नावाने.

त्याच्या आदल्या वर्षी, २९ ऑगस्ट १८६७ रोजी, म्युनिकच्या ओडेऑन सभागृहात जर्मन कायदेपंडितांची परिषद भरली होती. उलरिष्स व्यासपीठावर गेला आणि या प्रेमाला शिक्षा ठोठावणारे कायदे रद्द करा, असं म्हणू लागला. सभागृहात आरडाओरडा झाला आणि त्याला भाषण अर्धवट सोडून खाली उतरावं लागलं. आधुनिक काळात अशा माणसाने आपल्या हक्कांसाठी भरसभेत उभं राहण्याचा हा पहिला ज्ञात प्रसंग मानला जातो, आणि तो त्याच मानाने सांगितला गेला पाहिजे.

शब्द मात्र टिकला नाही. उलरिष्सचा सिद्धांत असा होता की उर्निंग म्हणजे पुरुषाच्या देहात कोंडलेला स्त्रीचा आत्मा. स्वतःवरून त्याने तो बांधला होता. मग त्याला पत्रं येऊ लागली. त्यांत धिप्पाड, रांगडे, वागण्या-बोलण्यात कुठेही बायकी नसलेले पुरुष होते आणि तेही पुरुषांवरच प्रेम करत होते. आत्मा स्त्रीचा, तर हे कसं? म्हणून त्याने पोटप्रकार पाडले: 'मानलिंग' म्हणजे पुरुषी, 'वाइबलिंग' म्हणजे बायकी, आणि अधलेमधले वेगळे. दोघांवर प्रेम करणारा 'युरानोडायोनिंग'. मुळात डायोनिंग, पण तुरुंगात किंवा पलटणीत पुरुषाशी संबंध ठेवणारा 'युरानिआस्टर'. प्रत्येक नव्या पत्रासरशी कोष्टकात एक खण वाढू लागला. शब्द सिद्धांताला जखडलेला होता, आणि सिद्धांत डळमळला तसा शब्दही मागे पडला.

दुसरा शब्द वाचला, कारण त्याला सिद्धांत चिकटलेला नव्हता. तो घडवणारा कार्ल मारिया केर्टबेनी. जन्म १८२४, व्हिएन्ना. मूळ आडनाव बेंकर्ट. पेशाने पत्रकार, आणि हंगेरियन कविता जर्मनमध्ये नेणारा अनुवादक. तरुणपणी त्याच्या एका मित्राने ब्लॅकमेलला कंटाळून जीव दिला आणि त्यामुळे आपण या विषयाकडे वळलो, असं तो सांगे. ६ मे १८६८ रोजी उलरिष्सला लिहिलेल्या पत्रात त्याने 'होमोसेक्शुअल' आणि 'हेटेरोसेक्शुअल' हे दोन्ही शब्द वापरले. 'होमोसेक्शुअल' छापून आला पुढच्या वर्षी. १८६९ मध्ये त्याने प्रशिया या जर्मन राज्याच्या कलम १४३विरुद्ध दोन निनावी पुस्तिका लिहिल्या. त्या कलमात पुरुषांमधल्या अशा संबंधांना सहा महिने ते चार वर्षं कैद होती. त्याचा मुद्दा कायद्याचा होता: दोन प्रौढांच्या खासगी गोष्टीत सरकारने पडू नये, मग ती वृत्ती जन्मजात असो वा नसो. कायदा काही बदलला नाही. कलम १४३चीच री पुढे जर्मन साम्राज्याच्या कलम १७५ने ओढली, आणि ते पूर्णपणे रद्द व्हायला १९९४ उजाडलं. दरम्यान जर्मनीत अशा पुरुषांना 'एकशेपंचाहत्तरवाले' म्हणू लागले. कलमाचा आकडाच माणसाचं नाव झाला.

केर्टबेनीचा शब्द पसरला तो डॉक्टरांच्या हातून. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ क्राफ्ट-एबिंग यांनी लैंगिक विकृतींवरच्या आपल्या ग्रंथात तो घेतला आणि १८९२च्या अनुवादाबरोबर तो इंग्रजीत फैलावला. कायद्यातून सोडवण्यासाठी घडवलेला शब्द असा रोगाच्या यादीत जाऊन बसला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ती नोंद १९७३ मध्ये काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये.

आपल्याकडे जुने शब्द नव्हते असं नाही, पण त्यांची मोजपट्टी निराळी होती. सुश्रुतसंहितेत आसेक्य, सौगंधिक, कुंभीक, ईर्ष्यक, षंढ असे प्रकार येतात. तिथे प्रश्न पुरुषाच्या संभोगक्षमतेचा आहे, त्याचं मन कुणावर जडतं हा नाही. कामसूत्रातली 'तृतीया प्रकृती', म्हणजे स्त्री-पुरुषांहून वेगळी तिसरी प्रकृती, दोन प्रकारची आहे, स्त्रीरूपिणी आणि पुरुषरूपिणी. पुरुषरूपिणी आपली इच्छा लपवते आणि अंग रगडणाऱ्या संवाहकाच्या कामावर पोट भरते. मुखमैथुनावरच्या त्याच अध्यायात पुढे एक श्लोक आहे: काही नागरक (नगरातले रसिक पुरुष), एकमेकांचं हित पाहणारे, विश्वास मुरलेला, परस्परांशी हाच व्यवहार करतात. त्यांना वात्स्यायन कोणतंही नाव देत नाही. ते नागरकच राहतात. या श्लोकाचं भाषांतर करताना 'समलिंगी नागरक' लिहिलं, तर मुळात नसलेली जात आपण पाडतो.

'समलिंगी' हा शब्द 'होमोसेक्शुअल'च्या साच्यात संस्कृत भरून झालेला आहे. 'होमो'च्या जागी 'सम', 'सेक्स'च्या जागी 'लिंग'. पण 'लिंग' बहुअर्थी आहे. मूळ अर्थ खूण. न्यायशास्त्रात धूर हे अग्नीचं लिंग. व्याकरणात पुल्लिंग-स्त्रीलिंग. बोलण्यात मात्र पुरुषाचं इंद्रिय. त्यामुळे चारचौघांत 'समलिंगी' उच्चारला की प्रेम बाजूला राहतं आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शरीर येतं. 'उभयलिंगी'ची गत याहून वाईट. दोन्हींकडे ओढ असलेल्यांसाठी तो वापरतात, आणि शास्त्राच्या पुस्तकात गांडूळ उभयलिंगी असतं, म्हणजे नर-मादी दोन्ही अवयव असलेलं. त्या जागी 'द्विलैंगिक' बरा. आणखी एक चूक बातम्यांत नेहमी दिसते, ती म्हणजे समलिंगी पुरुषाला 'तृतीयपंथी' म्हणणं. तृतीयपंथी हा स्वतः कोण आहोत याचा प्रश्न, समलिंगी हा कुणावर प्रेम करतो याचा. 'बायल्या' आणि 'छक्का' या शिव्यांनी हीच गल्लत रुजवली आहे.

'गे' आला इंग्रजीतून. जुन्या फ्रेंचमध्ये 'गे' म्हणजे आनंदी. सतराव्या शतकात इंग्रजीत छंदीफंदी माणसाला तो लागू लागला, विसाव्या शतकात आपसांतला सांकेतिक शब्द झाला आणि १९६९च्या न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल उठावानंतर उघड झेंडा. मराठीत 'गे' ही स्त्रीला हाक मारायची आर्त साद, 'गे माय'मधली. त्यामुळे नुसता 'गे' कानाला खटकतो आणि 'गे पुरुष', 'गे मुलगा' असं जोडूनच बोललं जातं. मुंबईत १९९० मध्ये निघालेलं 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक आणि पुण्यात २००२ मध्ये सुरू झालेला, याच समाजासाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट यांनी आपल्या नावांत दोस्त आणि वाटसरू घेतले, लिंग टाळलं.

एचआयव्हीच्या कामात १९९०च्या दशकात 'एमएसएम' रूढ झाला, म्हणजे पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष. त्याच्याच जोडीने या पुरुषांच्या आपसांतल्या बोलीतले 'कोती' (बायकी वळणाचा पुरुष) आणि 'पंथी' (त्याचा पुरुषी जोडीदार) हे शब्द प्रकल्पांच्या कागदांवर आले. 'एमएसएम'ची गरज खरी होती. लग्न झालेला, दोन मुलं असलेला आणि मित्राशी वर्षानुवर्षं संबंध असलेला माणूस 'तुम्ही समलिंगी आहात का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणतो आणि खोटं बोलत नसतो, कारण ते नाव त्याने कधी घेतलेलंच नाही. तपासणी केंद्रात विचारायचं ते असं: 'गेल्या सहा महिन्यांत पुरुषाशी संबंध आला का? कंडोम वापरला होता का?' नाव त्याने स्वतः काढलं तर त्याने वापरलेलाच शब्द पुढे वापरायचा.