संध्याकाळी गोड का खावंसं वाटतं?

महापे-ऐरोलीच्या ऑफिसात दुपारी एकला डबा उघडला, की पुढचं जेवण थेट घरी, रात्री नऊला. मधल्या आठ तासांत पोटात जातात चहा आणि बिस्किटं. मग ठाणे स्टेशनबाहेर जिलेबीच्या कढईपाशी पाय रेंगाळले, तर त्यात मन दुबळं असण्याचा प्रश्नच नाही. भात-बटाटाच जास्त असलेल्या जेवणानंतर रक्तातलं ग्लुकोज झपाट्याने चढतं, इन्सुलिन त्याला खाली आणतं आणि काहींच्या बाबतीत दोन ते चार तासांनी ते जेवणाआधीच्या पातळीच्याही खाली उतरतं. तेव्हा भूक लागते आणि ओढ असते ती गोडाकडे. त्यात झोप अपुरी झाली असेल, तर ही ओढ आणखी वाढते.

म्हणून उपाय डब्यापासूनच करायला हवा. भात थोडा कमी आणि वाटीभर मटकीची उसळ किंवा दोन अंडी. पाचच्या सुमारास, तल्लफ येण्याआधीच, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे सालासकट खा, त्यावर एक पेरू. फुटाण्यांतून सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. १०० ग्रॅम पेरूत साखर साधारण ९ ग्रॅम आणि तंतू ५ ग्रॅम. तंतूंमुळे ती साखर रक्तात सावकाश उतरते. पोट भरल्याची जाणीव व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढं थांबा.

घोळ होतो तो ‘नैसर्गिक’च्या नावाखाली. गुळात बहुतांश सुक्रोजच, म्हणजे आपली नेहमीची साखरच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर आणि मध, फळांचा रस यांतली साखर मिळून दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे पाच-सहा चमचे, असणं उत्तम. मोसंबीच्या एका ग्लासाला तीन-चार फळं लागतात आणि चोथा गाळणीत राहतो. एका मोठ्या मेदजूल खजुरात १६ ग्रॅम साखर असते. त्यापेक्षा साधे छोटे खजूर घ्या, दोनच, आणि सोबत भाजलेले शेंगदाणे.

चहातली साखर एकदम तोडू नका, बहुतेकांचं तिथेच फसतं. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करा. काही आठवड्यांत जिभेला सवय होते. वेलची घातली की फरक कमी जाणवतो.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांना दरदरून घाम, थरथर आणि अचानक भूक जाणवली, तर ती तल्लफ नव्हे, साखर उतरल्याची खूण असू शकते. तेव्हा फुटाणे नकोत. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या आणि १५ मिनिटांनी रक्तातली साखर तपासा.