तीस मिलिग्रॅमची रेघ

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये एक आकडा आहे. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की गुन्हा झाला. गाडी सरळ चालली होती की नागमोडी, हा प्रश्नच मग उरत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी 15,000 दंड किंवा 2 वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

या कायद्यावर दोन आक्षेप कायम ऐकू येतात. 30 ही मर्यादा फारच कमी आहे, हा पहिला. फुंकायला लावतात त्या यंत्राचा भरवसा नाही, हा दुसरा. पहिला मला पटत नाही. दुसऱ्यात तथ्य आहे, आणि ते दूर करणं पोलिसांच्या हातात आहे.

आकडा का लागतो, हे आधी पाहू. 1971 साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तोंडाला येणारा वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस दारू प्यायला होता हे सिद्ध होत नाही. डॉक्टरच्या नजरेवर निकाल सोडला की सरावलेला पिणारा सुटतो आणि घाबरलेला, थकलेला माणूस अडकतो. नॉर्वेने 1936 मध्येच रक्तातल्या अल्कोहोलचा आकडा कायद्यात घातला, तो याच अडचणीमुळे.

आता 30 म्हणजे किती दारू? स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी बसवलेलं सूत्र आजही वापरतात. पोटात गेलेलं अल्कोहोल ग्रॅममध्ये घ्यायचं आणि शरीराच्या किलोतल्या वजनाला एका गुणकाने गुणून त्याने भागायचं; उत्तराला 100 ने गुणलं की आपला मिलिग्रॅमचा आकडा मिळतो. हा गुणक पुरुषांसाठी साधारण 0.68 आणि स्त्रियांसाठी 0.55 धरतात, कारण अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं आणि स्त्रियांच्या शरीरात पाण्याचा वाटा कमी असतो. आपल्याकडच्या व्हिस्कीत 42.8 टक्के अल्कोहोल असतं. 60 मिलीच्या लार्ज पेगमध्ये ते 20 ग्रॅम भरतं. 70 किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याने सुमारे 43 मिलिग्रॅमची पातळी येते, म्हणजे एकाच पेगमध्ये मर्यादा ओलांडली. 55 किलोच्या स्त्रीला 30 मिलीचा स्मॉल पेगही 33 पर्यंत नेतो. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलीची बाटली त्याच पुरुषाला 86 वर पोचवते. ‘बिअरच तर आहे’ म्हणणाऱ्याने दोन लार्ज पेगांइतकं अल्कोहोल घेतलेलं असतं. भरल्या पोटी प्यायलं तर शिखर थोडं खाली राहतं आणि उशिरा येतं, एवढाच फरक.

उतरण्याचा वेग मात्र यकृत ठरवतं. तासाला सरासरी 15 मिलिग्रॅम, कुणाचं 10, कुणाचं 20. लिंबूपाणी, कडक कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी तो वाढत नाही. रात्री 11 ला प्यायला सुरुवात करून 180 मिलीची क्वार्टर संपवणाऱ्या 70 किलोच्या माणसाचा आकडा 30 च्या खाली यायला सरासरी वेगाने पहाटेचे साडेपाच होतात. यकृत संथ असेल तर सकाळचे नऊ. झोप झाली, डोकं जड नाही, म्हणून स्टिअरिंगवर बसणारे इथेच सापडतात आणि त्यांना तो अन्याय वाटतो. पण त्या वेळी रक्तात अल्कोहोल असतंच.

30 कमी आहे का? अमेरिकेत 2005 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, न प्यायलेल्या चालकाच्या तुलनेत अपघाताचा धोका 50 मिलिग्रॅमला सुमारे 1.4 पट, 80 ला 2.7 पट आणि 100 ला जवळपास 5 पट निघाला. रेघ 30 वर मारली की धोका चढू लागायच्या आतच माणूस थांबतो. आपल्या रस्त्यावर दुचाकी आहेत, पायी चालणारे आहेत, फुटपाथवर झोपणारे आहेत. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर झोपलेल्या 7 मजुरांचा जीव गेला. त्या चालकाच्या रक्तात 0.112 टक्के अल्कोहोल सापडलं होतं, म्हणजे आपल्या हिशेबात 112 मिलिग्रॅम. रेघ वर सरकवावी असं म्हणायला मला एकही कारण दिसत नाही.

खरा प्रश्न मोजणीचा आहे. कायदा रक्ताचा आकडा सांगतो आणि नाक्यावर मोजतात श्वास. फुप्फुसातल्या वायुकोशांभोवती बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. तिथून अल्कोहोल ठरावीक प्रमाणात हवेत उतरतं. बाहेर पडणाऱ्या श्वासाचं तापमान 34 अंश धरून असं मानतात की 2100 मिली श्वासात जेवढं अल्कोहोल असतं तेवढंच 1 मिली रक्तात असतं. म्हणजे 30 ची मर्यादा श्वासात उतरवली तर लिटरभर हवेत 0.143 मिलिग्रॅम. बारीक मिठाच्या दोन-तीन कणांएवढं हे वजन यंत्राला पकडायचं असतं. यंत्र त्यातली इवलीशी हवा प्लॅटिनमच्या दोन पट्ट्यांमधल्या घटात ओढतं. तिथे अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल होतं, इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्या विद्युतप्रवाहावरून आकडा येतो.

2100 हे प्रमाण सगळ्यांना सारखं लागू नाही. बहुतेकांचं खरं प्रमाण याहून थोडं जास्त, 2300 च्या आसपास असतं. म्हणून पिऊन दीड-दोन तास झालेल्या माणसाला यंत्र सहसा थोडा कमी आकडा देतं, म्हणजे फायदा चालकाचाच. पण ज्याचं प्रमाण 1800 आहे, त्याच्या रक्तात 26 असताना यंत्र 30 दाखवतं. दारू अजून पोटातून रक्तात शिरत असेल तेव्हाही श्वासाचा आकडा हाताच्या शिरेतल्या रक्तापेक्षा वर असतो. अंगात ताप असेल तर प्रत्येक अंशाला साधारण साडेसहा टक्क्यांची भर पडते. अर्धा मिनिट श्वास रोखून मग फुंकलं तर 15 टक्क्यांच्या आसपास वाढ होते. 80 किंवा 150 आलेल्या माणसाला यातलं काहीच वाचवत नाही. 31 आलेल्याचा निकाल मात्र यातल्या एकेका गोष्टीवर फिरू शकतो.

सगळ्यात मोठी चूक तोंडातल्या अल्कोहोलने होते. आपल्या घराघरांत असणारी आसवं आणि अरिष्टं घ्या. ती आंबवूनच तयार होतात, आणि त्यांत अल्कोहोल 5 ते 12 टक्के असू शकतं. 10 टक्क्यांचं 30 मिली अरिष्ट घेतलं तर 70 किलोच्या माणसाच्या रक्तात जेमतेम 5 मिलिग्रॅम येतं, मर्यादेच्या कितीतरी खाली. पण घोट घेतल्या घेतल्या फुंकलं तर यंत्राला फुप्फुसातली हवा आणि गालातली वाफ यांतला फरक कळेलच असं नाही, आणि आकडा शंभराच्या वर जाऊ शकतो. अल्कोहोलवाले माउथवॉश, होमिओपॅथीचे थेंब, काही खोकल्याची औषधं आणि ढेकरेबरोबर वर आलेली दारू, सगळ्यांचं तेच. उपाय साधा: 15 मिनिटं काही न खाता-पिता थांबायचं आणि पुन्हा फुंकायचं. तोंडातलं असेल तर आकडा कोसळतो, रक्तातलं असेल तर जवळपास तिथेच राहतो. गर्दीच्या नाकाबंदीत ही 15 मिनिटं दिली जात नाहीत, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

इंग्लंड-वेल्समध्ये मर्यादा 80 ची, आपल्यापेक्षा कितीतरी सैल. पण तिथे श्वासाचा आकडा कायद्यातच वेगळा दिलेला आहे: 100 मिली श्वासात 35 मायक्रोग्रॅम. पुराव्यासाठी दोन नमुने घेतात, त्यातला कमी असेल तो धरतात आणि 40 च्या खाली खटला भरत नाहीत. मोजणीतल्या चुकीसाठी सोडलेली ही जागा आपल्या कलमात नाही.

रक्ताची चाचणी अधिक भक्कम, पण तिचीही पथ्यं आहेत. सुई टोचण्याआधी त्वचा स्पिरिटने पुसायची नाही. बाटलीत सोडियम फ्लोराइड हवं, नाहीतर सूक्ष्मजीव रक्तातल्या साखरेपासून अल्कोहोल तयार करू शकतात. झाकण सैल राहिलं तर उलट होतं, असलेलं उडून जातं. आणि वेळ. कायद्यानुसार अटकेपासून 2 तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. 2 तासांत 50 चे 20 होतात. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुणांचा बळी घेणाऱ्या अपघातानंतर रक्त कित्येक तासांनी घेतलं गेलं, आणि नमुना बदलल्याचा आरोप झाला. मेलेल्यांच्या घरच्यांवर होणारा अन्याय असा होतो. ढिसाळ मोजणी निर्दोषाला अडकवते तशी दोषीला सोडवतेही.

शिक्षेबद्दलही बोलायला हवं. 31 आणि 250 या दोघांना आपलं कलम एकच. जर्मनीत 50 ला दंड आणि परवान्यावर कारवाई, 110 पासून थेट फौजदारी गुन्हा. फिनलंडमध्ये अशा गुन्ह्याचा दंड उत्पन्नावर ठरतो. आपल्याकडे रिक्षावाल्यालाही 10,000 आणि कोट्यधीशालाही 10,000. पायऱ्या पाडणं आणि दंड मिळकतीशी जोडणं, दोन्ही व्हायला हवं.

तोवर नाक्यावर थांबवलं तर फुंकायला नकार देऊ नका. नकारावरून अटक होऊ शकते आणि खटल्यात तो तुमच्याच विरोधात जातो. नळी पाकिटातून नवी काढायला सांगा. फुंकण्याआधी पडद्यावर शून्य आहे ना, ते बघा. थोड्या वेळापूर्वी औषध किंवा माउथवॉश घेतलं असेल तर लगेच सांगा, 15 मिनिटांनी दुसरी चाचणी मागा, आणि दोन्ही वेळच्या पावत्यांवर यंत्राचा क्रमांक आणि वेळ छापलेली आहे याची खात्री करून घ्या. आकडा तिशीच्या काठावर असेल तर रक्ताच्या तपासणीची मागणी तिथल्या तिथे, लेखी करा.