हमाम : खाली जहन्नम, वर हत्तीचे डोळे

तुर्की हमाम म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर वाफाळता हौद येतो. इस्तंबूलच्या जुन्या हमामांत बहुधा हौद नसतोच. साचलेलं पाणी अशुद्ध, वाहतं तेच शुद्ध, ही धारणा पक्की. म्हणून भिंतीलगत संगमरवरी कुर्ना, म्हणजे कुंड्या, आणि भांड्यानं अंगावर पाणी ओतून घ्यायचं.

फरशीखालून ऊब खेळवायची युक्ती रोमन स्नानगृहांची. बायझंटाइन आणि अरब शहरांतून ती सेल्जुक आणि पुढे ऑटोमन तुर्कांकडे आली. मागे भट्टी असते, तिला क्युल्हान म्हणतात. तिचा जाळ नि धूर फरशीखालच्या बुटक्या खांबांमधून फिरून भिंतीतल्या नळ्यांवाटे वर जातो. फरशीखालच्या या पोकळीचं नाव जेहेन्नेमलिक. त्यातलं जहन्नम आपल्याही ओळखीचं. घुमटातल्या गोल काचांना फिल गोझू, म्हणजे हत्तीचे डोळे म्हणतात. आपल्या पीलखान्यातला 'पील' तो हाच. खाली मधोमध तापलेला संगमरवरी ओटा, गोबेकताशी. त्यावर घाम फुटेपर्यंत पडून राहायचं. मग तेल्लाक, म्हणजे अंग चोळणारा सेवक, हातात केसे नावाचा खरखरीत हातमोजा चढवून पाठ घासू लागला की मळाच्या वळ्या निघतात.

एवढा खर्च झेपायचा, कारण हमाम कमावता होता. ऑटोमन वास्तुकार सिनानच्या आराखड्यावर १५८४ मध्ये उभा राहिलेला इस्तंबूलचा चेंबर्लिताश हमाम राजमाता नूरबानू सुलतानच्या वक्फाचा. त्याची मिळकत बॉस्फरस सामुद्रधुनीपलीकडे, उस्कुदारमधल्या तिच्या मशीद-संकुलाला जाई. १७४१ च्या जाआलोलू हमामचं उत्पन्न आया सोफियातल्या ग्रंथालयासाठी होतं. लोकांच्या अंघोळीच्या पैशांवर पुस्तकं सांभाळली जात, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण हमामची खरी मालकी मी बायकांकडे देईन. घराबाहेर तासन् तास बसून बोलता येईल अशा जागा त्यांना मोजक्याच होत्या. फराळाचे डबे, मुलं, शिंपल्याची नक्षी जडवलेल्या लाकडी खडावा असा सगळा सरंजाम घेऊन त्या येत. लग्नाआधी नवरीचा हमाम, बाळंतपणानंतर चाळिसाव्या दिवसाचा हमाम. मुलासाठी सून हेरायची तीही इथेच. १७१७ मध्ये सोफिया शहरातला (आजच्या बल्गेरियातला) हमाम पाहून इंग्रज लेखिका लेडी मेरी माँटेग्यूनं त्याला बायकांचं कॉफीगृहच म्हटलं. पुरुष चित्रकारांना मात्र आत पाऊल ठेवता येत नव्हतं, तरी युरोपात हमामची प्रतिमा रूढ झाली ती त्यांच्याच कल्पनेतून.

भट्टीला लाकूड अतोनात लागे, पाणीही. म्हणून १७६८ मध्ये सुलतान तिसऱ्या मुस्तफानं इस्तंबूलमध्ये नवे मोठे हमाम बांधायला मनाई केली. पुढे घराघरांत नळ आले आणि गर्दी ओसरली. सुलतान सुलेमानची पत्नी हुर्रेम सुलतान हिचा सोळाव्या शतकातला हमाम तर कित्येक वर्षं गालिच्यांचं दुकान होता. २०११ मध्ये तिथे पुन्हा पाणी वाहू लागलं. चेंबर्लिताशमध्ये स्त्री-पुरुषांचे विभाग एकमेकांना लागून होते. १८६८ मध्ये दिवानयोलू रस्ता रुंद करताना त्यावर हातोडा पडला, तो बायकांच्या कपडे बदलायच्या दालनावर.