पावकी ते औटकी: अपूर्णांकांच्या पाढ्यांची पार्श्वभूमी

जुन्या अंकलिपीत पूर्णांकांचे पाढे संपले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी सुरू होते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे हे पाढे. (औट म्हणजे साडेतीन, ‘औट घटकेचे राज्य’ यातला तोच.) घोकंपट्टी म्हणून त्यांची हेटाळणी पुष्कळ झाली. पण ते ज्या नाण्यांसाठी आणि वजनांसाठी रचले होते, ती समोर ठेवली की त्यांची हुशारी कळते.

१९५७ पूर्वी रुपया चाराचारांनी मोडायचा. रुपयाच्या चार पावल्या, पावलीचे चार आणे, आण्याचे चार पैसे. शेराचेही तसेच: चार पावशेर, पावशेराचे चार छटाक. रुपयाचे सोळा आणे आणि शेराचे सोळा छटाक अशी जोडी जमल्यामुळे दर आणि वजन दोन्ही पाव, अर्धा, पाऊण याच मापांत सांगितले जात. ही मांडणी इंग्रजांच्याही कितीतरी आधीची आहे. ११५० च्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी आरंभीच कोष्टक दिले आहे: वीस वराटकांची (कवड्यांची) एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे.

लिहिण्याची पद्धतही पाढ्यांना धरूनच होती. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. सव्वा १।, दीड १।।, पावणेदोन १।।।. पावाच्याही आतले, म्हणजे सोळांश, आडव्या-तिरप्या रेघांनी दाखवत. छेद लिहायचाच नाही, त्यामुळे बेरीज करताना समच्छेद काढण्याची वेळच येत नसे: चार उभ्या रेघा जमल्या की हातचा एक.

पाढा कामाला कसा येई ते पाहू. माल सात आणे शेर, घ्यायचा साडेतीन शेर. औटकीतले सातवे पद साडेचोवीस. साडेचोवीस आण्यांतले सोळा काढले की एक रुपया, उरले साडेआठ. म्हणजे एक रुपया आठ आणे दोन पैसे. कागद लागला नाही, गुणाकारही करावा लागला नाही.

यापुढची पायरी म्हणजे गुरुकिल्ल्या. मण चाळीस शेरांचा, रुपया सोळा आण्यांचा. चाळीसला सोळाने भागले की अडीच. म्हणून मणाला जितके रुपये, तितके आणे अडीच शेराला. बारा रुपये मणाची साखर साडेसात शेर घेतली, तर अडीच शेर तीनदा, म्हणजे बारा त्रिक छत्तीस आणे, सव्वादोन रुपये. दुसरी किल्ली: रुपयाला जितके शेर, तितके छटाक आण्याला.

चूक होई ती मण कोणता हे न पाहिल्याने. मुंबईचा मण २८ पौंडांचा, बंगाली मण ८२ पौंडांहून जास्त. पण दोन्ही चाळीस शेरांचे, म्हणून अडीच शेरांची किल्ली दोन्हीकडे लागू. धान्याचा मापी मण, म्हणजे तोलून नव्हे तर मापाने भरून मोजायचा, मात्र वेगळा. चार शेरांची पायली आणि बारा पायल्यांचा मण धरला, तर शेर होतात अठ्ठेचाळीस. तिथे अडीचऐवजी तीन शेर धरावे लागतात. कुठे सोळा पायल्यांचा मण असे, तिथे चार. मण जड की हलका याने किल्ली बदलत नाही, त्यात शेर किती याने बदलते.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि आणा सव्वासहा पैशांचा ठरला. नाणी तर पूर्ण पैशांचीच. म्हणून कोष्टकात एक आण्याला ६, दोनला १२, तीनला १९ आणि चारला २५ नवे पैसे धरले. आण्याच्या तीन वस्तू एकेक करून घेतल्या तर १८ पैसे, एकदम घेतल्या तर १९. चार घेतल्या तर २४ आणि २५. आणे-पैशांत बिनचूक असलेला तोंडी हिशेब इथे पैशा-पैशाने हुकू लागला, आणि दोष पाढ्याचा नव्हता. ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने आली. ९३३ ग्रॅमचा शेर गेला, पाठोपाठ अंकलिपीतली ही पानेही मागे पडली.

चार आण्यांचे नाणे जून २०११ अखेर चलनातून गेले, तरी दुकानात मागणी अजून पाव, अर्धा आणि पाऊण किलोचीच असते. त्यामुळे पाऊणकी, सवायकी आणि दिडकी मुलांना आजही शिकवाव्यात असे आमचे ठाम मत आहे. ४८ रुपये किलोची भाजी पाऊण किलो घेतली तर ४८ मधून त्याचा पाव, म्हणजे १२, वजा करून ३६. ६४ रुपये किलोचा माल सव्वा किलो घेतला तर १६ मिळवून ८०. दराला चाराने भाग जात नसेल, समजा ४५ रुपये किलो, तर आधी निम्मे, २२.५०, आणि मग त्याचे निम्मे, ११.२५. एकदम पाव काढायला गेले की बहुतेक मुले इथेच अडखळतात.