एचआयव्ही चाचणी: सहा महिने थांबायची गरज नाही

‘निगेटिव्ह आलं तरी सहा महिने खरं मानू नका,’ हा सल्ला अजूनही फिरतो. तो 1985 च्या सुमाराच्या पहिल्या चाचण्यांच्या काळातला आहे. त्या चाचण्या फक्त अँटीबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीर तयार करतं ती प्रथिनं, शोधत आणि त्याही बऱ्याच वाढल्यावरच त्यांना सापडत. चाचण्या सुधारल्या, सल्ला मात्र तसाच राहिला.

आज प्रयोगशाळेत शिरेतलं रक्त घेऊन होणारी चौथ्या पिढीची चाचणी अँटीबॉडीबरोबर विषाणूचं पी-24 हे प्रथिनही शोधते. हे प्रथिन अँटीबॉडीच्या आधी रक्तात दिसतं. म्हणून असुरक्षित संबंध किंवा वापरलेली सुई अशा शेवटच्या धोक्याच्या प्रसंगानंतर 45 दिवसांनी ही चाचणी निगेटिव्ह आली, तर तो निकाल पक्का. बोट टोचून केलेली रॅपिड किंवा लाळेची चाचणी असेल तर 90 दिवस धरा. त्यामुळे तारखा मोजण्याआधी आपली चाचणी कोणती, हे लॅबला विचाराच. बहुतेक जण नेमकं तेच विचारत नाहीत.

आणि थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नाही. धोका होऊन 72 तास उलटले नसतील तर संसर्ग रोखणारी 28 दिवसांची औषधं, म्हणजे पेप, मिळू शकतात. जितकी लवकर तितकी चांगली. ती घेतली असतील तर दिवस शेवटच्या गोळीपासून मोजायचे आणि चाचणीची तारीख डॉक्टरांकडूनच घ्यायची. पॉझिटिव्ह निकालाची मात्र दुसऱ्या चाचण्यांनी खात्री करावीच लागते.