दा नांग: चंपापासून ड्रॅगन पुलापर्यंत

भारतातल्या काही शहरांतून थेट विमानं सुरू झाल्यापासून मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावरच्या दा नांग शहराचं नाव सहल कंपन्यांच्या जाहिरातींत रोजचंच झालं आहे. कार्यक्रमही बहुतेक ठरलेला असतो. एक दिवस बा ना डोंगरावरचा सोनेरी पूल, एक संध्याकाळ होई आनचे कंदील, मध्ये कुठेतरी संगमरवरी डोंगर आणि मी खे किनारा, आणि शनिवार-रविवार जुळून आला तर आग ओकणारा ड्रॅगन पूल. हे सगळं बघावं असंच आहे. मात्र यादीतल्या जवळजवळ प्रत्येक जागेमागे एक जुनं कारण आहे. ते ठाऊक नसेल, तर हे शहर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उभं राहिलेलं चकचकीत पर्यटनस्थळ एवढंच वाटतं.

सुरुवात भूगोलापासून करावी लागते. उत्तरेला समुद्रापर्यंत उतरलेली डोंगररांग आणि तिच्यावरचा हाय वान घाट, ईशान्येला समुद्रात घुसलेलं सोन चा द्वीपकल्प, आणि या दोघांच्या कुशीत वाऱ्यावादळापासून बराच आडोसा असलेला खोल उपसागर. हान नदी इथेच समुद्राला मिळते. दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर थू बोन नदीचं मुख, तिथे होई आन. मोठी गलबतं निर्धास्त नांगरता येतील अशा जागा या किनाऱ्यावर फार नाहीत. त्यामुळे या भागावर ज्याची सत्ता असेल, त्याला इथलं बंदर हवंच असायचं.

त्यातले पहिले ठळकपणे दिसणारे सत्ताधीश म्हणजे चाम लोक. आजच्या मध्य आणि दक्षिण व्हिएतनामच्या किनारपट्टीवर त्यांची चंपा नावाची राज्यं होती. एकच एक साम्राज्य असण्यापेक्षा नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या राज्यांचा समूह, असं तिचं स्वरूप होतं. मलाक्का सामुद्रधुनी ओलांडून चीनकडे जाणारी जहाजं याच किनाऱ्यावरून पुढे सरकत. गोडं पाणी, धान्य, अगरू, हस्तिदंत यांचा व्यापार चामांच्या हाती होता. या सागरी वाटेनेच संस्कृत भाषा, शैव पंथ आणि पुढे बौद्ध धर्म इथे पोचला. भारतातून कुणी सैन्य घेऊन गेलं नव्हतं. स्थानिक राजांनीच ही नावं, हे देव आणि ही लेखनपद्धती आपलीशी केली, आणि मग त्यांना पूर्णपणे स्वतःचं रूप दिलं.

चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मन राजाने थू बोनच्या वरच्या अंगाला, डोंगरांनी वेढलेल्या एका दरीत शिवाचं देऊळ उभारलं आणि देवाला भद्रेश्वर म्हटलं. राजाचं नाव आणि ईश्वर यांचा जोड करून लिंगाला नाव देण्याची ही चाल चंपात पुढे शतकानुशतकं टिकली. ते पहिलं देऊळ लाकडी होतं आणि जळालं. सातव्या शतकात शंभुवर्मनने ते नव्याने बांधलं आणि देव शंभुभद्रेश्वर झाला. ही दरी म्हणजे आजचं मी सन. तेराव्या शतकापर्यंत इथे देवळांची भर पडत राहिली आणि एकूण संख्या सत्तरच्या आसपास गेली. नदीचा नकाशा डोळ्यांसमोर आणला की चामांची मांडणी लगेच ध्यानात येते: वर डोंगरात देवस्थान मी सन, मधल्या सपाटीत राजधानी सिंहपुर म्हणजे आजचं त्रा क्यू, आणि मुखाशी बंदर.

तरीही मी सनला जाण्याआधी दा नांग शहरातलं चाम शिल्पसंग्रहालय बघावं, असा माझा आग्रह आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रेंचांनी जंगलात पडलेली चाम शिल्पं गोळा करून शहरातल्या एका बागेत आणायला सुरुवात केली. आंरी पार्मांतिए या पुरातत्त्वज्ञाने मी सनची पद्धतशीर नोंदणी १९०३-०४ मध्ये केली. त्याच्याच पुढाकाराने संग्रहालयाची पिवळसर रंगाची, चाम शैलीचे अलंकार असलेली इमारत झाली आणि १९१९ साली ते लोकांना खुलं झालं. मी सनच्या कितीतरी उत्तम मूर्ती तेव्हापासून इथे आहेत. देवळं दरीत, देव शहरात. दोन्ही जोडून पाहिल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. आधी दरीत गेलेला माणूस बरेचदा 'नुसत्या पडक्या विटा आहेत' म्हणून परततो, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

संग्रहालयात दोन शिल्पांपाशी तरी थांबा. पहिलं मी सनच्या ई-१ देवळातलं (तिथल्या देवळांचे समूह अक्षरांनी आणि देवळं आकड्यांनी ओळखतात) वालुकाश्माचं पीठ, सातव्या शतकातलं. त्यावर पूर्वी भलंमोठं लिंग होतं. आता लक्ष जातं ते पीठाच्या कडेने कोरलेल्या तपस्व्यांच्या रोजच्या जगण्याकडे. एक जण बासरी वाजवतोय, एक ध्यानात आहे, एक समोरच्याला काही सांगतोय, एक आडव्या पडलेल्या सोबत्याचं अंग चोळून देतोय. देवळाच्या पीठावर आश्रमातला दिवस कोरणारा तो शिल्पी कोण होता, कोण जाणे. दुसरा, ई-५ मधला गणपती. हाही सातव्या शतकातला, आणि बसलेला नाही तर सरळ उभा. त्याच्या हातात खाऊचं वाडगं आहे आणि सोंड थेट त्या वाडग्यात. बाकीचे हात तुटले आहेत. मुकुट, दागिने फारसे नाहीत. आपल्याकडच्या मूर्तींची सवय झालेल्या डोळ्यांना पहिल्या क्षणी तो अनोळखी वाटतो आणि दुसऱ्या क्षणी अगदी घरचा.

शेजारच्या दालनात त्रा क्यूचं पीठ आहे, त्यातल्या नर्तकी प्रसिद्ध आहेत. डोंग डुओंगच्या बौद्ध विहारातल्या मूर्तीही इथेच. तो विहार ८७५ साली दुसऱ्या इंद्रवर्मनने इंद्रपुर या आपल्या राजधानीत बांधला. शैवांच्या या देशात महायान पंथाचाही बहराचा काळ येऊन गेला, हे त्या मूर्तींवरून दिसतं.

मी सन दा नांगपासून साधारण सत्तर किलोमीटरवर आहे. सकाळी लवकर निघावं, दुपारी दरीत ऊन असह्य होतं. तिथे विटांच्या भिंतीला हात लावण्याइतकं जवळ जाऊन सांधे निरखा. दोन विटांमध्ये चुना जवळजवळ दिसतच नाही. दाऊ राय नावाच्या झाडाचा चीक सांधण्यासाठी वापरला असावा, असं काही अभ्यासकांचं मत आहे. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. हजार वर्षांपूर्वीची वीट स्वच्छ आणि तांबूस, तर विसाव्या शतकात डागडुजीसाठी घातलेली वीट शेवाळलेली, असं दृश्य तिथे काही ठिकाणी शेजारीशेजारी दिसतं.

मी सनचं सर्वांत मोठं नुकसान काळाने केलेलं नाही. १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या बॉम्बफेकीत ए-१ हे मुख्य, सुमारे चोवीस मीटर उंचीचं मंदिर कोसळलं. चंपाच्या वास्तुकलेतली सर्वांत देखणी इमारत म्हणून ते ओळखलं जाई. युद्ध संपलं तरी दरीत पेरलेले सुरुंग तसेच होते. ते काढल्यावर १९८० च्या दशकात काझिमिएर्झ क्वियात्कोव्स्की या पोलिश वास्तुरचनाकाराने व्हिएतनामी सहकाऱ्यांसोबत उरलेली देवळं सावरायला घेतली. १९९७ मध्ये ह्यू इथे काम करत असतानाच तो वारला. होई आनमध्ये त्याचं स्मारक आहे. १९९९ साली मी सन आणि होई आन दोन्ही जागतिक वारसा यादीत आले. पुढे २०१७ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने ए, एच आणि के या समूहांचं काम हाती घेतलं. मे २०२० मध्ये ए समूहात माती उपसताना नवव्या शतकातलं वालुकाश्माचं अखंड शिवलिंग सापडलं. ज्या भागावर बॉम्ब पडले, तिथेच ते मातीखाली सुखरूप होतं.

चंपा उत्तरेकडून हळूहळू आकसत गेली. १३०६ मध्ये चाम राजाने दाइ व्हिएत या उत्तरेकडच्या व्हिएतनामी राज्याच्या राजकन्येशी लग्न केलं आणि बदल्यात हाय वानच्या दोन्ही अंगांचा प्रदेश देऊन टाकला. १४७१ मध्ये ले थान्ह टोंग या सम्राटाने विजय ही राजधानी जिंकली. दक्षिणेत पांडुरंग नावाचं चाम राज्य तेवढं तगून राहिलं, तेही १८३२ मध्ये संपलं. चाम लोक मात्र संपले नाहीत. फान रांगच्या परिसरात ते आजही राहतात आणि तिथल्या जुन्या मंदिरांत आपला काते उत्सव करतात.

होई आनचा उत्कर्ष सोळाव्या-सतराव्या शतकातला. गुयेन सरदारांनी परदेशी व्यापाऱ्यांना वसायला जागा दिली, म्हणून जपानी पूल, चिनी व्यापाऱ्यांची सभागृहं आणि लाकडी दुकानघरं तिथे आहेत. जपानने आपल्या लोकांना बाहेर जायला बंदी केल्यावर जपानी वस्ती ओसरली, चिनी टिकली. मग नदी गाळाने भरू लागली आणि जहाजं मोठी होत गेली. १८३५ मध्ये मिन्ह मांग सम्राटाने युरोपीय जहाजांनी फक्त हान नदीच्या मुखाशी, म्हणजे दा नांगलाच लागावं असा हुकूम काढला. होई आन मागे पडलं, आणि मागे पडलं म्हणूनच जसंच्या तसं राहिलं.

याच मिन्ह मांगच्या खुणा दा नांगभोवती पावलोपावली आहेत. हाय वान घाटावरची दगडी वेस १८२६ सालची. ह्यूच्या राजधानीचं दक्षिणेकडचं दार म्हणून ती बांधली. धातू, पाणी, लाकूड, अग्नी आणि पृथ्वी या पंचतत्त्वांची नावं संगमरवरी डोंगरांना त्यानेच दिली. त्यांतल्या जलडोंगरावर पर्यटक चढतात. तिथल्या गुहांमध्ये बौद्ध देवस्थानं आहेत, त्याआधी चामांची पूजा चाले. पायथ्याच्या नॉन न्युओक गावात पाथरवटांची दुकानं लागूनलागून आहेत. डोंगर फोडायला आता बंदी असल्याने दगड बाहेरून येतो.

बंदराचं महत्त्व वाढलं तशी संकटंही तिथूनच आली. १८४७ मध्ये फ्रेंच युद्धनौकांनी उपसागरात व्हिएतनामी जहाजं बुडवली. १ सप्टेंबर १८५८ रोजी फ्रेंच-स्पॅनिश आरमाराने तोफा डागल्या, कारण सांगितलं मिशनऱ्यांच्या छळाचं. सेनापती गुयेन त्रि फुओंगने त्यांना किनाऱ्यावर अडकवून ठेवलं. उष्मा आणि रोगराईने आक्रमकांची माणसं पटापट मेली. त्यांनी मोर्चा सायगावकडे वळवला आणि मार्च १८६० मध्ये दा नांग सोडलं. शहराच्या मध्यात डिएन हाय किल्ल्याचे अवशेष आहेत, आणि सोन चाच्या पायथ्याशी त्या मोहिमेत मेलेल्या परक्या सैनिकांचं छोटं दफनस्थान. इथे गर्दी नसते. फ्रेंच वसाहतवादाची व्हिएतनाममधली पहिली चाल या दोन जागांच्या मध्ये खेळली गेली, हे लक्षात घेऊन पंधरा मिनिटं तरी द्यावीत.

अखेर १८८८ मध्ये ह्यूच्या दरबाराला हे बंदर फ्रेंचांना तोडून द्यावं लागलं आणि त्याचं नाव तुरान झालं. उन्हाळा सोसेना म्हणून त्यांनी बा ना डोंगरावर बंगले बांधले. इंग्रजांना महाबळेश्वर हवं होतं तसंच हे. १९४५ नंतर ते ओस पडलं आणि जंगलाने गिळलं. आज वर दिसणारं 'फ्रेंच गाव' अलीकडचं आहे. खऱ्या जुन्या वस्तीचं नाव घेण्याजोगं उरलंय ते डोंगरात खोदलेलं वाइनचं तळघर. २००९ मध्ये रोपवे आला, जून २०१८ मध्ये सोनेरी पूल. तो दीडशे मीटर लांब आहे. त्याला पेलणारे शेवाळलेले दगडी हात प्रत्यक्षात जाळी आणि फायबरग्लासचे आहेत. पूल सुंदर आहे, धुकं असेल तर फारच. पण जुना नाही.

८ मार्च १९६५ ला अमेरिकेचे सुमारे साडेतीन हजार मरीन सैनिक शहराच्या वायव्येच्या किनाऱ्यावर उतरले. व्हिएतनाममध्ये आलेली त्यांची ही पहिली मोठी लढाऊ तुकडी. स्वागताला हार घेतलेल्या मुली उभ्या होत्या. मी खे किनारा सैनिकांच्या सुटीची जागा झाला, सोन चावर रडार बसले, आणि विमानतळ जगातल्या सर्वांत गजबजलेल्या हवाई तळांपैकी एक बनला. जंगलं झडवण्यासाठी फवारलेलं एजंट ऑरेंज तिथेच साठवलं आणि विमानांत भरलं जाई. त्यातलं डायॉक्सिन हे विषारी द्रव्य जमिनीत आणि तळ्याच्या गाळात मुरलं. आसपासच्या वस्त्यांनी त्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजली. २०१२ ते २०१८ या काळात दोन्ही देशांनी मिळून ती माती उपसून, बंदिस्त ढिगात तापवून साफ केली. आपलं विमान उतरतं ते याच विमानतळावर.

२९ मार्च १९७५ ला शहर उत्तर व्हिएतनामच्या फौजांच्या हाती आलं. त्या तारखेचं महत्त्व इथे अजून आहे. हान नदीवरचा फिरता पूल २९ मार्च २००० ला खुला झाला, त्याच्या खर्चात नागरिकांनीही वाटा उचलला होता. ६६६ मीटरचा ड्रॅगन पूल २९ मार्च २०१३ ला. १९९७ मध्ये दा नांग क्वांग नाम प्रांतापासून वेगळं करून थेट केंद्राच्या अखत्यारीत आणलं गेलं. पूल, रुंद रस्ते, किनाऱ्यावरची हॉटेलं ही सगळी त्यानंतरची वाढ. सोन चावरची क्वान आम या करुणेच्या बौद्ध देवीची सदुसष्ट मीटर उंच मूर्तीही २०१० मधली. त्या वाढीत बऱ्याच कोळीवस्त्या उठल्या. तरी पहाटे मान थाय किनाऱ्यावर गेलात तर बांबूच्या गोल टोपलीहोड्या मासळी घेऊन येताना दिसतात. विणलेल्या बांबूला शेण आणि दाऊ रायचा चीक फासून त्या पाणीबंद करत आल्या आहेत.

१ जुलै २०२५ पासून क्वांग नाम पुन्हा दा नांगमध्ये विलीन झाला आहे. त्यामुळे होई आन आणि मी सन आता प्रशासकीयदृष्ट्याही याच शहरात मोडतात. सहलीचे दिवस ठरवताना माझी सूचना एवढीच: बा नासाठी राखलेल्या वेळातला अर्धा दिवस कमी करा. चाम संग्रहालय ड्रॅगन पुलाच्या पश्चिम टोकाशीच आहे आणि संध्याकाळी पाचला बंद होतं. दुपारी दोनला आत जा, घाई न करता बघा, मग नदीकाठी एक वाटी मी क्वांग खा. हळद घातलेल्या रुंद तांदळी शेवयांचा हा इथला खास पदार्थ आहे. शाकाहारी हवा असेल तर आधी 'चाय' म्हणून सांगा. शनिवार-रविवारी रात्री नऊला ड्रॅगन आग ओकतो तो पुलाच्या पूर्वेच्या टोकाला, तेव्हा साडेआठपर्यंत चालत पलीकडे पोचायला हवं.